टांकसाळीचा ठसा आणि घासलेली चकाकी

वसई-विरारच्या जुन्या घरांत, लोखंडी ट्रंकेत किंवा देवघरातल्या डबीत, गांधीजींची मुद्रा असलेलं चांदीचं दहा रुपयांचं नाणं पुष्कळदा निघतं. त्यावर '१८६९-१९४८' असे आकडे असतात. ते दाखवताना घरची मंडळी सांगतात, 'हे १९४८ सालचं, बापू गेले त्या वर्षीचं.' पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, 'आणि प्रूफ आहे बरं का, बघा कसं चकाकतंय!' यातलं पहिलं वाक्य नक्की चुकीचं असतं. दुसरं बहुतेक वेळा चुकीचं असतं, पण ते तपासायला थोडे कष्ट पडतात. आजचं बोलणं मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्याविषयी आहे.

पहिलं आधी निकालात काढू. १८६९ हे गांधीजींचं जन्मवर्ष आणि १९४८ हे मृत्यूवर्ष. नाणं निघालं ते जन्मशताब्दीला, म्हणजे १९६९ मध्ये. पाडल्याचं साल त्यावर कुठेही नाही. सरकारने त्या वेळी २० पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि १० रुपये अशी चार नाणी काढली. दहा रुपयांचं तेवढं चांदीचं होतं. त्याचा व्यास ३४ मिलिमीटर, वजन १५ ग्रॅम आणि चांदी ८० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी बारा ग्रॅम. शंका असेल तर नाणं उलटून पाहावं. मागे अशोकस्तंभाचे सिंह आहेत, आणि सिंहमुद्रेची नाणी आपल्याकडे १९५० पासून आली. १९४८ साली बाजारात चालत होता तो इंग्रज राजाच्या मुद्रेचा रुपया आणि त्याचे आणे-पै. तेव्हा सिंहाचं नाणं १९४८ चं असणं शक्यच नाही.

हा गैरसमज का होतो, तेही समजण्यासारखं आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं नेहरूंचं, १९६४ सालचं. त्यावर '१८८९-१९६४' असे आकडे आहेत. तिथे मृत्यूचं साल आणि नाण्याचं साल योगायोगाने एकच निघालं. तीच सवय लोकांनी गांधीजींच्या नाण्याला लावली असावी. नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल, हा नियम तसाही पक्का नाही. आपल्या मुंबईच्या टांकसाळीने १९४०-४१ मध्ये मारिया थेरेसा या ऑस्ट्रियाच्या महाराणीच्या मुद्रेचे चांदीचे थेलर लाखोंनी पाडले. अरबस्तान, इथिओपिया या भागात त्याच नाण्यावर व्यापाऱ्यांचा विश्वास होता. त्या नाण्यांवर साल आहे १७८०!

आता प्रूफकडे वळू. हा शब्द आपल्याकडे 'एकदम कोरं, चकचकीत' अशा अर्थाने वापरला जातो. खरं तर तो नाण्याच्या अवस्थेचा शब्द नाही, ते घडवण्याच्या पद्धतीचा आहे. पूर्वी युरोपातल्या टांकसाळीत नवा ठसा तयार झाला की त्याची चाचणी म्हणून एखाद-दुसरं नाणं फार काळजीने काढून वरिष्ठांना दाखवत. छापखान्यात मजकूर तपासायला प्रूफ काढतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे अशी देखणी नाणी संग्राहकांसाठी मुद्दाम पाडली जाऊ लागली आणि नाव तेच राहिलं.

टांकसाळीत काय घडतं ते थोडं डोळ्यांपुढे आणू. नाण्याची आकृती उलटी कोरलेला पोलादी तुकडा म्हणजे ठसा. एक ठसा खाली, एक वर, मध्ये धातूची कोरी चकती, आणि भोवती दातेरी कडं. यंत्राचा दाब बसला की धातू क्षणभर लोण्यासारखा सरकतो आणि ठशाच्या खोलगट भागांत शिरतो. रोजच्या वापरातलं नाणं असं एकाच दाबात जन्मतं, त्याच दाबात कडेचे दाते उमटतात, आणि ते भराभर खालच्या पेटीत आदळतं. त्याच्या अंगावर दुसरी नाणी पडतात, मग ती सगळी पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये. म्हणजे बँकेत पोचण्यापूर्वीच नाण्याला बारीक ओरखडे आणि खळगे पडलेले असतात.

प्रूफ नाण्याची तऱ्हा निराळी. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घोटतात आणि आकृतीचा भाग खरखरीत ठेवतात. चकतीही घोटलेली असते. ती हाताने ठशावर ठेवतात, जास्त दाबाने आणि सावकाश, दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा दाबतात आणि हातमोजे घालून उचलतात. त्यामुळे नाण्याची मोकळी जागा काळ्याभोर आरशासारखी दिसते, आणि चेहरा, अक्षरं, सिंह यांच्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी भुरी राहते. ठसा वापरून वापरून झिजला की ही भुरी कमी होत जाते. तेव्हा सगळ्या प्रूफ नाण्यांवर ती सारखी नसते. भुरी नाही म्हणून लगेच नाणं नापास करायचं कारण नाही.

या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेलं 'यूएनसी', अनसर्क्युलेटेड. टांकसाळ जी संग्राहकांची पाकिटं विकते त्यात प्रूफ संच वेगळे असतात आणि यूएनसी संच वेगळे. यूएनसी नाणं साध्याच पद्धतीने पाडलेलं, मात्र जपून हाताळलेलं आणि निवडून बंद केलेलं. घोटाळा असा की हाच शब्द नाण्याच्या अवस्थेसाठीही वापरतात. बँकेच्या नव्या पाकिटातून निघालेलं, हातोहात न फिरलेलं कोणतंही नाणं बाजारात यूएनसीच म्हणवतं. एक शब्द दोन कामं करतो, आणि गिऱ्हाईक त्या दोहोंच्या मध्ये सापडतं. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच आहे. विकणारा अवस्था सांगत असतो, घेणारा घडण ऐकत असतो.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं? मोठी उपकरणं लागत नाहीत. टेबलावरचा दिवा, घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खाली अंथरायला मऊ कापड पुरे. नाणं कडेने धरायचं, सपाट भागाला बोट लावायचं नाही. प्रथम ते दिव्याखाली हळूहळू कलतं करून फिरवा. साध्या ठशाच्या ताज्या नाण्यावर उजेडाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकला, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहिल्या, त्यांचा हा खेळ. जाणकार याला टांकसाळी तेज म्हणतात. प्रूफवर असा पट्टा फिरत नाही. आरसा फिरवल्यासारखं होतं, एका कोनात लख्ख आणि पुढच्या कोनात एकदम काळं.

दुसरी परीक्षा वर्तमानपत्राची. छापील मजकुरावर नाणं उभं धरा आणि नाण्याच्या मोकळ्या जागेत अक्षरांचं प्रतिबिंब पाहा. नाणं कागदापासून जरा दूर नेल्यावरही अक्षरं सुबक दिसत असतील तर आरसा खरा. कागदाला टेकवल्यावरच जेमतेम दिसत असतील तर तो आरशाचा भास आहे. असा भास निर्माण होण्याचं एक प्रामाणिक कारणही असतं. नव्या घोटीव ठशातून निघालेली पहिली काही साधी नाणी चांगलीच चमकतात आणि भल्याभल्यांना चकवतात. तिथे काठाकडे पाहावं. प्रूफला दाब जास्त आणि पुन्हापुन्हा बसलेला असल्यामुळे काठ काटकोनी, धारदार असतो. अक्षरांच्या बाजू सरळ कड्यासारख्या उभ्या असतात. साध्या नाण्यात काठ किंचित गोलसर आणि अक्षरांचे कोपरे मऊ असतात. एकदा दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहिली की हा फरक पुन्हा विसरत नाही.

तिसरी खूण टांकसाळीची. मुंबईच्या नाण्यांवर बारीक चौकट, पत्त्यांतल्या चौकटसारखी. हैदराबादच्या नाण्यांवर चांदणी. नोएडाच्या नाण्यांवर गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. पण मुंबईने प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी 'बी' हे अक्षर घातलं, आणि शहराचं नाव बदलल्यावर, १९९६ पासून, 'एम'. गांधीजींचं चांदीचं नाणं मुंबई आणि कोलकाता इथे पाडलं गेलं. म्हणून डबीतल्या नाण्यावर चौकट असेल तर ते मुंबईचं साधं, काही खूण नसेल तर कोलकात्याचं साधं, आणि 'बी' असेल तर प्रूफ. साधी नाणी लाखोंनी निघाली, प्रूफ काही हजारच. वसईतल्या डबीत 'बी' निघणं अशक्य नाही, पण विरळा.

हे अक्षर सापडलं की काम संपलं असं मात्र नाही. अलीकडच्या काळात कोलकात्याच्या टांकसाळीनेही संग्राहकांचे संच काढले आहेत आणि कोलकात्याच्या नाण्यांवर प्रूफ असो वा साधं, खूण नाहीच. रिझर्व्ह बँकेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून २०१० मध्ये निघालेलं ७५ रुपयांचं नाणं तिथलंच. तिथे अक्षर शोधून काही हाती लागत नाही, आरसा आणि काठच पाहावे लागतात.

आता सगळ्यात दुःखाची गोष्ट. चांदीचं नाणं काळवंडतं. १९६९ च्या नाण्यात वीस टक्के दुसरा धातू आहे. नंतरच्या शंभर रुपयांच्या चांदीच्या नाण्यांत तर चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. आमच्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने ओल. दिवाळी आली की पितळेची समई, चांदीचं निरांजन आणि त्यांच्याबरोबर हे नाणंही चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलं जातं. काही घरांत ते सराफाकडे देऊन पॉलिश करून आणतात. नाणं लख्ख होतं, घरच्यांना आनंद होतो, आणि त्या क्षणी नाण्याच्या अंगावरची टांकसाळीची सगळी साक्ष पुसली जाते. उजेडाचा फिरता पट्टा गेला, भुरी गेली. असंच घासलेलं नाणं पुढे 'प्रूफ' म्हणून दाखवलं जातं.

घासलेलं नाणं ओळखण्याची युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात निव्वळ तर्क आहे. भिंगातून मोकळ्या जागेतल्या बारीक रेघा पाहा. टांकसाळीत ठसा घोटताना ठशावर रेघ उमटली असेल तर ती ठशात खोल जाते, म्हणून नाण्यावर ती उठावाची येते. शिवाय घोटणारं साधन ठशाच्या खोलगट आकृतीत शिरत नाही. म्हणून ती रेघ अक्षराच्या किंवा चेहऱ्याच्या कडेशी येऊन थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. याउलट घरी घासताना पडलेली रेघ नाण्यात खोल गेलेली असते. ती मोकळ्या जागेवरून येते, गांधीजींच्या चष्म्यावरून, गालावरून जाते आणि पलीकडे उतरते, मध्ये थांबत नाही. रेघ थांबते की चढते, एवढंच पाहायचं.

आणि याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. खरं प्रूफ नाणं कुणी खिशात घालून वर्षभर फिरवलं, त्याने सुपारी घेतली, मुलांनी छापा-काटा खेळला, तरी ते प्रूफच राहतं. खराब झालेलं प्रूफ, एवढंच. त्याची किंमत उतरते, जात बदलत नाही. साधं नाणं मात्र मखमलीच्या पेटीत पन्नास वर्षं ठेवलं तरी प्रूफ होत नाही. नाणं कसं जन्मलं आणि नंतर कसं जगलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे दोन प्रश्न वेगळे करण्याचं एक जुनं आणि मोठं उदाहरण आपल्याच परिसरात आहे. नालासोपाऱ्याला ज्याला लोक बुरुडराजाचा कोट म्हणत, त्या टेकाडाचं १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलं. आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या मध्यावर दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा डबा, त्याच्या भोवती आठ लहान मूर्ती, एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुलं, मातीच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले चिमुकले तुकडे, आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं एक नाणं. राजाचा चेहरा असलेलं, पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांच्या वळणावर घडवलेलं. ते नाणं झिजलेलं नव्हतं. फार हातांतून न फिरता ते करंडकात गेलं असावं, हे त्यावरून कळतं. म्हणून त्या राजाच्या काळाजवळ, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, स्तूपाची उभारणी झाली असा अंदाज बांधता आला.

पण त्याच करंडकातल्या मूर्तींची शैली कित्येक शतकं नंतरची आहे. म्हणजे करंडक पुढे पुन्हा उघडला गेला असला पाहिजे. एकटं नाणं पाहून सगळ्या वस्तूंवर दुसऱ्या शतकाची चिठ्ठी लावली असती तर फसगत झाली असती. नाणं फक्त इतकं सांगतं की हे माझ्या आधीचं नाही. भगवानलालजींच्या हाती ते नाणं लागण्यापूर्वी कुणी ते चिंचेने घासलं असतं, तर झिजेची ती साक्षही आपल्याला मिळाली नसती. सोपाऱ्याचा हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. वसई-विरारच्या प्रत्येक शाळेने मुलांना त्याची निदान चित्रं तरी दाखवावीत असं मला वाटतं.

मुंबईत प्रूफ नाण्यांची परंपरा अर्थातच गांधी शताब्दीपूर्वीची आहे. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरची टांकसाळीची इमारत १८२०च्या दशकात उभी राहिली. प्रजासत्ताकाची पहिली नाणी १९५० मध्ये निघाली तेव्हाही प्रूफ संच काढले गेले. पण १९६९ चा नऊ नाण्यांचा संच आला, त्याच्या पुढच्याच वर्षी जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या योजनेतली नाणी सुरू झाली, आणि मग जवळपास दरवर्षी अन्न, शेती, कुटुंब नियोजन, स्त्रिया, मुलं अशा विषयांवर संच निघू लागले. त्यांचे ग्राहक मोठ्या प्रमाणावर परदेशात होते. म्हणून त्या काळातली उत्तम भारतीय प्रूफ नाणी पुष्कळदा परदेशातून परत येतात, आणि आपल्या घरांत राहिली आहेत ती साधी.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. स्मारक नाण्यांच्या नावावर फसवणूक वाढली आहे. २०१२ मध्ये निघालेली वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखोंना विकली जातात, अशा अफवा मोबाइलवर फिरतात. माणूस भुलतो, आधी 'नोंदणी फी' भरतो, मग 'कर' भरतो, आणि पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार होऊ लागले तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलं की आपण अशा व्यवहारांत नाही, कसलीही फी घेत नाही, आणि आपल्या नावाने ती घेण्याचे अधिकारही कुणाला दिलेले नाहीत. उलट दिशेची फसवणूक अधिक शांतपणे होते. घरातली म्हातारी माणसं गेल्यावर डबी सराफाकडे जाते, आणि 'बी' अक्षराचं नाणंही बारा ग्रॅम चांदीच्या हिशेबाने तोललं जातं. सराफाचा दोष नाही, तो चांदीच पाहतो. घरात कुणी भिंग लावलेलं नसतं.

डबीत नाणं असेल तर ते घासू नका. फार धूळ असेल तर स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपा, चोळू नका. पातळ मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. काही वर्षांनी ते प्लॅस्टिक चिकट होतं आणि नाण्यावर हिरवट थर येतो. जाडसर साधा कागद त्यापेक्षा बरा. सोबत एक चिठ्ठी ठेवा. घरात ते कुणी आणलं, केव्हा, कुठून, हे आठवतं तेवढं लिहा. टांकसाळीचं मूळ पाकीट असेल तर ते मळकट झालं म्हणून फेकू नका. मात्र निव्वळ पाकिटावर विसंबूही नका, पाकिटातलं नाणं बदलायला फार वेळ लागत नाही.

नजर तयार करायला चांदीच हवी असं नाही. १९९९ मध्ये निघालेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं घ्या. रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं, कंदील घेतलेल्या भोलू हत्तीचं दोन रुपयांचं घ्या. विरार लोकलच्या प्रवाशाकडे ते असायलाच हवं. वसईतल्या अनेक ख्रिस्ती घरांत २००९ चं संत अल्फोन्सा यांचं पाच रुपयांचं नाणं जपून ठेवलेलं आढळेल, तेही चालेल. एक वापरून गुळगुळीत झालेलं आणि एक ताजं, अशी एकाच प्रकारची दोन नाणी शेजारी ठेवा. दिवा एका बाजूने लावा, नाणं कलतं करा आणि पट्टा फिरतो का ते पाहा. मग भिंग घेऊन टांकसाळीची खूण शोधा.